मूळ की दांडा

नव्या कोंबाकडे पाहिलं की माणसाच्या मनातलं किल्मिष गळून पडतं आणि तो काही काळ तरी निर्मळ होतो. हे वाक्य भागवतरावांच्या दुकानात टांगलेल्या बियाणे कंपनीच्या कॅलेंडरवर, हरभऱ्याच्या चित्राखाली छापलेलं होतं. ते पान उलटायच्या आतच भागवतरावांनी स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक नवा कोंब पाहिला, आणि तोवर जे किल्मिष त्यांच्या मनात औषधालाही नव्हतं ते तिथे येऊन मांडी घालून बसलं.

भागवतराव म्हणजे चिखलीत मेहकर रोडवरच्या 'समीक्षा कृषी केंद्रा'चे मालक. बी.एस्सी. ॲग्री. तालुक्यातलं कुठलंही आजारी पान आधी त्यांच्या काउंटरवर येतं आणि मग बरं होतं, किंवा मरतं. शेतकरी दुकानात शिरतो, खिशातून नाहीतर रुमालाच्या गाठीतून एक मलूल पान काढतो, काउंटरवर ठेवतो आणि हात बांधून उभा राहतो. भागवतराव ते उचलतात, उजेडाकडे धरतात, उलटं करतात, नखाने जरा खरवडतात, नाकाशी नेतात आणि म्हणतात, "हं." या 'हं'साठी लोक एसटीने तास-तास येतात. त्यानंतर ते बाटली देतात, पण बाटली कुठेही मिळते.

त्यांचा नियम एकच, जे दाखवायचं ते तोडून आणलेलं पाहिजे. अलीकडे शेतकऱ्यांची पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात. भागवतराव त्याकडे ढुंकून बघत नाहीत. फोटोले रोग होत नाही, झाडाले होते, असं ते सांगतात आणि पोराला परत शेतात पाठवतात. तीस वर्षं हा नियम पाळल्यामुळे त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला एक कायमची हिरवट कड आलेली आहे. तिचा त्यांना गुप्त अभिमान आहे.

आता ऑर्किडचं. त्यांची मुलगी समीक्षा पुण्याला नोकरी करते. आईबाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तिने पुण्याहून एक ऑर्किड आणलं, रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मांडीवर धरून. लांब वाकलेल्या दांड्यावर पांढरी फुलं, पंख पसरून बसलेल्या पतंगासारखी. नाव फॅलेनॉप्सिस. चिनी मातीच्या कुंडीत माती नाही, नुसते झाडाच्या सालीचे आणि कोळशाचे तुकडे. भागवतरावांनी कुंडीत बोट घालून पाहिलं आणि हे दोन महिन्यांत जाईल असं जाहीर केलं. दोन महिन्यांत फुलं गेली. रोप गेलं नाही. दांडा सुकला, तो पुष्पांजलीने कापून टाकला, आणि रोप आपली पाच जाड पानं पसरून खिडकीत बसून राहिलं. ते वाढेना आणि मरेना, एखाद्या सरकारी समितीसारखं. त्या घरात फिल्टरचं पाणी पुष्पांजली, पाहुणे आणि ऑर्किड यांना मिळत असे. भागवतराव बोअरचं पीत. त्यांना चवीत फरक कळत नव्हता, पण हल्ली ते ग्लास भरताना त्या कुंडीकडे एकदा बघत.

पुष्पांजली एका शाळेत गणित शिकवते. एका संध्याकाळी ती गॅसवर चहा ठेवून वळली, तिचा मोबाइल ओट्यावर उघडाच राहिला, आणि भागवतरावांना त्यावर आपली खिडकी दिसली. आपली कुंडी, आपली पानं. खालून दुसऱ्या पानाच्या बगलेतून तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठं काहीतरी हिरवं निघालेलं होतं, आणि त्या हिरव्याभोवती कोणीतरी लाल गोल मारला होता. गोलाच्या बाजूला लाल बाणही होता.

"हे काय होय?"

"कोंब आला ऑर्किडले," पुष्पांजली म्हणाली. "चार दिवस झाले."

"हा गोल कोणं मारला?"

"हरिओम सरांनी."

हरिओम सर म्हणजे कोण हे भागवतरावांना त्या चहातच कळलं. घरात ऑर्किड लावणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. अकोल्याचे, खामगावचे, कुठले कुठले लोक त्यात होते, आणि त्या सगळ्यांना हरिओम सर सांगत. परदेशातला असता तर भागवतरावांनी एक वेळ मनाची समजूत घातली असती. हा अमडापूरचा होता. हायस्कूलला ड्रॉइंग शिकवायचा, गच्चीवर हिरव्या जाळीखाली ऑर्किडं पाळायचा. अमडापूर म्हणजे जिथून माणसं रुमालात पान बांधून भागवतरावांकडे येतात ते गाव.

सरांचा निरोप पुष्पांजलीने वाचून दाखवला. ती तो वाचत होती तसा तिचा आवाज वर्गातल्यासारखा स्पष्ट आणि समाधानी होत गेला, हे भागवतरावांच्या कानाने टिपलं. ताई, घाई करू नका, असं सरांनी लिहिलं होतं. टोकाकडे बघा. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असतं, ओलं असल्यासारखं, आणि मागून त्याच्यावर चांदीसारखं पांढुरकं कातडं चढतं. फुलदांड्याचं टोक चपटं असतं, बोटं मिटून घेतलेल्या हातमोज्यासारखं. मूळ कुठूनही फुटतं आणि मनाला येईल तिकडे जातं. दांडा पानाच्या बगलेतूनच निघतो आणि उजेडाकडे मान वर करतो. पोपटासारखी चोच उघडत रोपाच्या मधोमधून आलं तर ते नवं पान समजावं. तुमचा बहुधा दांडा आहे, पण आठवडाभर थांबा. आणि काही झालं तरी हात लावू नका.

"मूळ होय ते," भागवतराव म्हणाले.

"तुम्ही पाहिलं का?"

"त्यात पाहाले काय लागते? मूळ होय."

"सर म्हणतात दांडा."

"सर ड्रॉइंगचे होत."

पुष्पांजलीने त्यांच्यापुढे चहा ठेवला. वर्गात चुकीचं उत्तर आलं की ती फळ्यावर नुसती रेघ मारायची, तसा तो कप तिने ठेवला.

मले काऊन नाही विचारलं, हे भागवतरावांच्या ओठांवर आलं होतं. पण पन्नाशी उलटलेल्या, दुकानावर स्वतःच्या लेकीच्या नावाची पाटी असलेल्या माणसाने बायकोला असा प्रश्न विचारणं बरं दिसत नाही. त्यांनी त्याऐवजी टोस्ट कुठे ठेवलेत ते विचारलं. टोस्ट समोरच होते.

त्या दिवसापासून तो लाल गोल त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. हा मत्सर नव्हता, हे त्यांनी स्वतःला सांगितलं. मत्सर बाईवरून होतो, जमिनीवरून होतो. आपल्याला फक्त शास्त्राची काळजी आहे. पण दुकानात कोणी काउंटरवर पान ठेवून "मंग आता काय करावं, साहेब?" असं विचारलं, की त्यांना पहिल्यांदाच जाणवायला लागलं की हा प्रश्न आपल्याला दिवसभर सगळा तालुका विचारतो, आणि घरी कोणीच विचारत नाही. त्यांनी आठवून पाहिलं. पुष्पांजलीने एकदा विचारलं होतं. लग्नानंतर काही वर्षांनी, जास्वंदीवर किडीचा पांढरा कापूस धरला होता तेव्हा. त्यांनी दुकानातून बाटली आणून दिली होती आणि मार म्हटलं होतं. काय आहे हे, कशामुळे झालं, असं ती विचारत राहिली. त्यांनी मार म्हटलं ना, म्हटलं होतं. तिने मारलं. जास्वंद वाचली. त्या वेळी त्यांना तो आपला विजय वाटला होता.

आणि हा हरिओम 'मार' म्हणत नव्हता. तो गोल काढायचा. बाण काढायचा. हातमोजा म्हणायचा.

भागवतरावांनी दुकानात गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर शोधून पाहिलं. हरिओमने सांगितलेलं सगळं बरोबर निघालं, त्यामुळे त्यांचा दिवस खराब गेला. आता प्रश्न एवढाच उरला होता की ते हिरवं नक्की काय आहे, आणि ते मूळच असलं पाहिजे होतं. ते रोज सकाळी पुष्पांजली आंघोळीला गेली की खिडकीशी जात. सोमवारी टोक गोल वाटलं. त्यांनी त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना आपणहून चहा पाजला. बुधवारी ते जरा चपटं वाटलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. चष्मा पुसल्यावर ते आणखी चपटं दिसलं. शिवाय ते वर बघायला लागलं होतं.

दांडा उजेडाकडे मान करतो, असं हरिओम म्हणाला होता. मग गुरुवारी पुष्पांजली शाळेत गेल्यावर भागवतरावांनी कुंडी फिरवून ठेवली, कोंब भिंतीकडे. ह्याला शास्त्रीय प्रयोग म्हणतात. संध्याकाळी कुंडी पुन्हा सरळ होती. शुक्रवारी त्यांनी परत फिरवली, संध्याकाळी ती परत सरळ. जेवताना पुष्पांजलीने फक्त सांगितलं की हरिओम सर रविवारी कामानं चिखलीला येऊन राह्यले आणि घरी येऊन प्रत्यक्ष पाहून जाणार आहेत. तिने खिडकीची काच पुसली. जाळीसुद्धा पुसली. दिवाळीत ती जाळी तशीच राहिली होती.

तेव्हा भागवतरावांपुढे अडचण अशी उभी राहिली. रविवारी परका माणूस त्यांच्या स्वयंपाकघरात येणार, त्यांच्या खिडकीशी वाकणार आणि त्यांच्या बायकोसमोर, त्यांच्या बायकोला, हा दांडा आहे असं सांगणार. मग मूळ म्हणणाऱ्याने जन्मभर घरात कोणत्या तोंडाने 'हं' म्हणायचं? माणूस यायच्या आत आपल्याला पक्कं माहीत असायला हवं. मूळ असेल तर तयार राहायचं. दांडा असेल तर शनिवारी रात्री जेवताना सहज म्हणून टाकायचं, की आता बदल दिसतो बरं का, आता दांडा वाटतो. म्हणजे रविवारी हरिओम जे सांगेल ते शिळं होईल. मनसुबा चांगला होता. त्यात फक्त नीट बघणं एवढंच बाकी होतं.

शनिवारी सकाळची शाळा. पुष्पांजली उन्हं यायच्या आत गेली. भागवतराव टॉर्च घेऊन खिडकीशी बसले. पण कोंब पानाच्या बगलेत खोल, वरून पानाची सावली. टॉर्च एका बाजूने धरला की गोल दिसे, दुसऱ्या बाजूने धरला की चपटा. त्यांनी पान जरा उचललं. भिंग आणलं, पण भिंग त्या फटीत जाईना. खालची बाजू दिसल्याशिवाय काही सांगता येत नव्हतं, आणि खालची बाजू बघायची तर ते हातात घ्यायला हवं होतं.

इथे भागवतरावांची बाजू मांडायची तर एवढंच म्हणता येईल, की त्यांनी तसं ठरवलं नव्हतं. निर्णय अंगठ्याच्या नखाने घेतला. तीस वर्षं जे नख, बघायचं आहे असं कळलं की आपोआप खुडतं, त्याने या वेळीही खुडलं. 'टक्' असा अगदी लहान आवाज झाला. हातात कोंब होता. तो त्यांनी उजेडाकडे धरला, उलटा केला, आणि नाकाशी नेता नेता ते थांबले.

मग ते बराच वेळ पानाच्या बगलेतल्या ओल्या, ताज्या, हिरव्या ठिपक्याकडे बघत उभे राहिले. कोंब परत जोडता येईल का, असा विचारही त्यांच्या मनात आला. बी.एस्सी. ॲग्री असलेल्या माणसाच्या मनात.

बियाण्याची उगवण तपासायला जी लहान पारदर्शक पिशवी वापरतात तिच्यात कोंब घालून ते दुकानात आले. शटर उघडलं, अगरबत्ती न लावताच काउंटरवरचं मोठं भिंग ओढलं आणि पाहिलं. टोक चपटं. एका बाजूने किंचित वाकलेलं, हातमोज्यासारखं, अगदी त्या माणसाने लिहिलं होतं तसं. खाली एक बारीक पेर. पेरावर चिकटलेलं खवलं. सुईने खवलं उचललं तर आत मोहरीहून बारीक डोळा. मुळाला पेर नसतं, खवलं नसतं, डोळा नसतो. शंकेला जागाच नव्हती. आठवड्याभरात तो हातभर वर गेला असता असं नाही, पण संक्रांतीनंतर पंख पसरलेल्या पतंगांची रांग त्या खिडकीत नक्की बसली असती.

निवृत्ती नावाचा त्यांचा नेहमीचा शेतकरी तुरीची फांदी घेऊन आला होता. तो काउंटरला टेकून वाट बघत राहिला, मग त्यानेही पिशवीकडे मान वाकवली.

"हे कायचं होय, साहेब?"

"एकाचं होय."

"काय रोग झाला त्याले?"

"रोग नाही. चांगलं होतं."

निवृत्तीने पिशवीकडे आणखी एकदा पाहिलं.

"मंग तोडून कायले आणलं त्यानं?"

भागवतरावांनी तुरीची फांदी हातात घेतली आणि त्याला एका बाटलीऐवजी दोन दिल्या.

दुपारी ते जेवायला घरी गेले तेव्हा पुष्पांजली खिडकीशी उभी होती. तिने साडीही बदलली नव्हती. कोंब तुटला, असं तिने सांगितलं. भागवतरावांनी भुवया वर केल्या. गोगलगाय असेल, ते म्हणाले. पुष्पांजलीने त्यांच्याकडे न बघता विचारलं, थंडीत? दुसऱ्या मजल्यावर? जाळी लावलेल्या खिडकीत? मग उंदीर असेल. उंदराने खाल्लं तर चोथा पडला असता. मग पाल. पाल कोंब खात नाही, हे त्यांच्याच विषयातलं होतं, आणि ते त्यांना बोलून झाल्यावर आठवलं. तिने तोवर फोटो टाकलेला होता आणि हरिओमचं उत्तरही आलेलं होतं. ठिपक्याभोवती लाल गोल. जनावराचं काम दिसत नाही, कड सरळ आहे, उद्या बघतो.

त्या दिवशी वांग्याची भाजी होती. ती त्यांनी मान खाली घालून संपवली.

पिशवी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. ती त्यांनी नालीत टाकायला दोनदा बाहेर काढली आणि दोनदा परत ठेवली. निदान झालेला नमुना टाकून द्यायला काही हरकत नसते. पण या नमुन्याचं निदान अजून कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

रविवारी हरिओम आला. भागवतरावांनी आठवडाभर मनात जो हरिओम उभा केला होता तो उंच होता, त्याचे केस कानावर आलेले होते आणि तो झब्बा घालत असे. प्रत्यक्षात मफलर गुंडाळलेला, हेल्मेटने टक्कल घामेजलेला, त्यांच्याच वयाचा एक किडकिडा माणूस खांद्याला कापडी पिशवी लावून दारात उभा राहिला आणि चपला बाहेर काढू की आत, असं विचारू लागला. भागवतरावांना क्षणभर फार हलकं वाटलं. मग पुष्पांजलीने फिल्टरचं पाणी स्टीलच्या नव्हे तर काचेच्या ग्लासात आणलं.

हरिओम खिडकीशी गेला. त्याने पानाला हात लावायच्या आधी पुष्पांजलीकडे पाहिलं, लावू का, असं विचारून. मग खिशातून लहानसं भिंग काढलं आणि वाकला. पुष्पांजली त्याच्या बाजूला वाकली. मुळं पांढरी दिसतात म्हणजे पाणी कमी झालं का, असं तिने विचारलं. पानं अशी एका बाजूला कलली ती कशाने. सालीचे तुकडे कधी बदलायचे. हरिओम एकेका प्रश्नाला थांबून, बोट दाखवून उत्तर देत होता आणि ती मान हलवत होती. भागवतराव फ्रिजला टेकून उभे होते. एवढे प्रश्न हिच्याजवळ होते. कुठे ठेवले होते तिने इतकी वर्षं?

"मग आता काय करायचं, सर?" पुष्पांजलीने विचारलं.

तो प्रश्न ऐकला आणि भागवतराव फ्रिजपासून सरळ झाले. शब्दसुद्धा जवळजवळ तेच होते, दुकानात रोज ऐकायचे ते.

हरिओम सरळ झाला आणि भिंग पुसू लागला. नखानं खुडल्यासारखं दिसते, तो म्हणाला, तुरीचा शेंडा खुडतात तसं, पण घरात कोणाचा चुकून हात लागला असेल, होते असं. आणि ताई, मन लहान करू नका, तो पुढे म्हणाला. मी फोटोवरून बहुधा दांडा म्हटलं होतं, पण आता तुकडाच नाही म्हटल्यावर खात्रीनं सांगता येत नाही. मूळही असू शकते. ठिपका गोल आहे, त्यावरून मूळ असण्याचा संभव जास्त. मूळ गेलं तर फारसं नुकसान नाही.

हे बोलणं हरिओमने बहुधा तिच्या समाधानासाठी केलं. पुष्पांजलीचा चेहराही जरा सैल झाला. तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे मूळच म्हणत होते पहिल्या दिवसापासून."

भागवतरावांच्या आयुष्यात यापेक्षा सोपा क्षण आला नसेल. त्यांनी फक्त मान हलवायची होती. 'हं' म्हणायचं होतं. त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं, अमडापूरचा माणूस चूक ठरला असता, बायकोचं दुःख अर्धं झालं असतं, आणि खिशातली पिशवी संध्याकाळी नालीत गेली असती.

पण समोर एक माणूस भिंग हातात घेऊन, त्यांच्या बायकोसमोर, चुकीचं निदान करत होता. आणि बरोबर निदान फक्त त्यांनाच ठाऊक होतं. अख्ख्या ग्रुपमध्ये, अकोला-खामगाव धरून, फक्त त्यांना. हे ज्ञान त्यांच्या खिशात होतं आणि ते त्यांच्याने आत ठेववेना.

"दांडाच होता," भागवतराव म्हणाले.

त्यांनी पिशवी काढून ओट्यावर ठेवली.

"पेर पाहा. खवल्याखाली डोळा आहे. टोक चपटं. मुळाले पेर नसते."

हरिओमने पिशवी उजेडाकडे धरली, भिंग लावलं, बाहेरूनच उलटसुलट केली. "बरोबर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरी दाद होती. "एकदम बरोबर. दांडाच होय."

भागवतराव समाधानाने पुष्पांजलीकडे वळले, आणि वळता वळता त्यांना कळलं की आपण काय केलं.

"कवा?" तिने विचारलं.

"काल. तू शाळेत गेल्यावर."

"काऊन?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. लाल गोल होता, जास्वंद होती, काचेचा ग्लास होता. पण हरिओम तिथे उभा होता.

"पाहाले," ते म्हणाले.

पुष्पांजलीने पिशवीकडे पाहिलं. मग त्यांच्या अंगठ्याकडे. चहा घ्या सर, थंडा होऊन राह्यला, एवढं हरिओमला सांगून तिने ओटा पुसायला घेतला, जो स्वच्छ होता.

हरिओमने खांद्याची कापडी पिशवी पुढे ओढली आणि तिच्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मुळासकट उपटलेली हरभऱ्याची दोन रोपं काढली. खरं म्हणजे तो चिखलीला त्याच कामाने आला होता. अमडापूरला त्याचा चार एकर हरभरा उभ्या उभ्या माना टाकत होता. पानं हिरवी, पण लोंबलेली. इथून निघून दुकानातच जाणार होतो, तो संकोचाने म्हणाला, पण आता साहेब घरीच भेटले तर.

"तोडून आणलं हे चांगलं केलं," भागवतराव म्हणाले आणि खुर्ची ओढली.

त्यांनी चाकू मागितला. तो कोणी दिला नाही, तेव्हा स्वतःच उठून घेतला. खोड उभं चिरलं. मधून तपकिरी-काळी रेघ खालपर्यंत गेलेली. "हं," भागवतराव म्हणाले. मागच्या वर्षी त्या वावरात काय होतं, त्यांनी विचारलं. हरभराच होता. त्याच्या मागच्या वर्षी? हरभराच. मग ते बोलू लागले. मर रोग मातीत कसा टिकून राहतो, ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी शेणखतात मुरवून कशी टाकायची, पाणी कुठे आखडतं घ्यायचं, पुढच्या साली त्या तुकड्यात दुसरं काय पेरायचं. हरिओम मन लावून ऐकत होता. हे कशानं होते, ते कशानं होते, असं विचारत होता, आणि भागवतराव एकेका प्रश्नाला थांबून, चाकूच्या टोकाने दाखवून उत्तर देत होते. इतकं सविस्तर त्यांनी आयुष्यात कोणालाच सांगितलं नव्हतं. "मंग आता पहिल्यांदा काय करावं, साहेब?" हरिओमने विचारलं, आणि भागवतरावांना आठवड्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

त्यांनी मान वर केली तेव्हा ओट्यापाशी कोणी नव्हतं. खिडकीतही काही नव्हतं, फक्त तिच्या कट्ट्यावर कुंडीच्या बुडाचा ओला गोल.

सोमवारी पुष्पांजली ऑर्किड शाळेत घेऊन गेली, स्कूटीवर, पायापाशी ठेवून. भागवतरावांनी गाडी काढू का, असं विचारलं. तिने नको म्हटलं. स्टाफरूमच्या खिडकीत उजेड चांगला येतो, आणि पुष्पांजली रजेवर असली की सारिका मॅडम पाणी घालतात, असं नंतर कळलं. सारिका मॅडम कोण, हे भागवतरावांनी दोन-तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून घेतलं. त्या भूगोल शिकवत.

हरिओमचा हरभरा बराचसा सावरला. तो आता दर आठवड्याला दुकानात येतो, काहीतरी तोडून आणतो, आणि मधल्या दिवसांत फोटो पाठवतो, गोल आणि बाण काढून. भागवतराव फोटो बघायला लागलेत. घरी पुष्पांजली त्यांच्याशी पूर्वीसारखीच बोलते, भाजीबद्दल, समीक्षाच्या फोनबद्दल, गॅस संपल्याबद्दल. फिल्टरचं पाणी आता त्यांनाही मिळतं.

थंडी संपता संपता एकदा जेवताना त्यांनी विचारलं, सहज विचारल्यासारखं, "ऑर्किडले काही फुटलं का?"

"काऊन?"

"नाही, म्हटलं फुटलं असेल तर मी येतो पाहाले. हात नाही लावत."

पुष्पांजलीने पोळीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि खाल्ला. फुटलं की ग्रुपवर टाकते, ती म्हणाली, हरिओम सर तुम्हाले सांगतील.

एप्रिल लागला, शाळा सकाळच्या झाल्या. रोपाला पाच पानं आहेत. त्याला अजून काहीही फुटलेलं नाही.